एकच एमटीबी, रोजचं ऑफिस आणि विंध्याचे घाट: गिअरिंग कसं ठरवावं?

रामबाग_२९

नमस्कार मंडळी. इंदुरात एकाच सायकलवर सगळं भागवायचंय, म्हणून गिअरिंगबद्दल नेमका सल्ला हवा आहे. सायकल २९ इंची हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक), टायर २.२५ इंचांचे. पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चक्रं) ४२/३२/२२ दात्यांची, मागे आठ गिअर, १२ ते ३२ दात्यांचे. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) शिमानो आल्टस एम३१०, मागचं हब (चाकाचा मधला भाग) १३५ मिमीचं, क्विक रिलीजवालं. क्रँक (पेडलचा दांडा) चौकोनी एक्सलवर बसणारा.

आठवडाभर रामबागेतून सुपर कॉरिडॉरपर्यंत ये-जा. रविवारी सिमरोल, भेरूघाट, चोरल, कधी जानापाव, नाहीतर तिंछाच्या बाजूच्या बैलगाडीच्या वाटा. पावसाळ्यातही सायकल बंद नसते.

अडचण अशी की उभ्या चढावर मधल्या चेनरिंगवरून लहानवर येताना चेन आतल्या बाजूला पडते. काळी माती लागली की पुढचा डिरेलर जागचा हलत नाही. दुकानात म्हणाले, पुढे एकच ३२ दाती चेनरिंग करा, मागे ११-४२ टाका, तीन चेनरिंगांची कटकट मिटेल. तसंच करावं का? पुढे ३० घ्यावं का? मागे ४६ हवं का? आणि हे सगळं आहे त्या चाकावर बसेल का? माझं वजन ७४ किलो, सायकल १४.


महूकर

रामबागकर, ३२ आणि ११-४२ घेऊ नका. त्यात तुमचा आत्ताचा सगळ्यात हलका गिअर हातचा जाईल. कसा ते आकड्यात बघा.

किती गिअर आहेत हे बाजूला ठेवा. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते तेवढंच मोजा. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले टायरचा परीघ. तुमच्या टायरचा परीघ २.३ मीटर धरा. अगदी नेमका हवा असेल तर व्हॉल्व्ह जमिनीला टेकवून, वर बसून, एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपने मोजा. बसल्यावर टायर दबतो, त्यामुळे रिकाम्या सायकलचा परीघ थोडा जास्त येतो.

आत्ता तुमचा सर्वांत हलका गिअर २२-३२, म्हणजे पुढे २२ आणि मागे ३२ दाते. तो फेऱ्याला १.५८ मीटर देतो. दुकानदाराच्या ३२-४२ मध्ये १.७५ मीटर. म्हणजे चढावर दहा टक्क्यांहून जास्त जड. ३२-४६ घेतलं तर १.६०, म्हणजे आहे तिथेच. ३०-४६ ला १.५०, आणि ३२-५१ ला १.४४. एक चेनरिंग करून चढ सोपा होतो हा समज बऱ्याच जणांचा असतो, पण चढ सोपा होतो तो फक्त मागचं सगळ्यात मोठं चक्र पुरेसं मोठं असेल तरच.

आता किती हलका गिअर लागेल ते उलट बाजूने काढू. तुम्ही, सायकल, पाणी आणि हत्यारं मिळून ९० किलो. दहा टक्के चढावर गुरुत्वाकर्षण मागे खेचतं सुमारे ८८ न्यूटन, कच्च्या वाटेवर टायरचं घर्षण आणखी अठरा-एक. मिळून १०६. नेहमी सायकल चालवणारा तंदुरुस्त माणूस बराच वेळ १५० वॉटच्या आसपास जोर टिकवतो असं धरा. १५० ला १०६ ने भागलं की सेकंदाला १.४२ मीटर, म्हणजे तासाला ५.१ किलोमीटर, मिनिटाला ८५ मीटर. पेडल मिनिटाला ६० फेऱ्यांच्या खाली जाऊ नये ही गुडघ्यांची मागणी. ८५ भागिले ६०, उत्तर १.४२ मीटर. हा तुमचा आकडा. ३२-४२ वर त्याच वेगाला पेडल मिनिटाला फक्त ४८-४९ फिरेल आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर भार येईल.

१.३ च्या खाली मात्र जाऊ नका. तासाला साडेचार किलोमीटरच्या खाली दगडगोट्यांत तोल राहत नाही, पुढचं चाक उचलायला लागतं. त्यापेक्षा उतरून ढकललेलं बरं.

इंदूरचं एक वेगळेपण हिशेबात धरायलाच हवं. आपण माळव्याच्या पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो आणि दक्षिणेला विंध्याची कड खाली नर्मदेकडे उतरते. चोरलला जाताना घाट उतरायचा, घरी येताना चढायचा. म्हणजे सगळ्यात मोठा चढ दमलेल्या पायांना, ऊन चढल्यावर, पाणी संपत आल्यावर लागतो. सकाळच्या ताज्या पायांनी गिअर निवडला की तो परतीला जड पडणारच. म्हणून वरच्या हिशेबात मी १५० वॉट धरले. ताज्या पायांनी थोड्या वेळापुरते तुम्ही याहून जास्त द्याल, पण गिअर त्यावर ठरवू नका. जानापावचं उलटं आहे, तिथे चढ आधी येतो, त्यामुळे तिथे हाच गिअर सोपा वाटेल.

आता वरची बाजू. ३२-११ म्हणजे फेऱ्याला ६.७ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांत ३२ किलोमीटरचा वेग, ९० ला ३६. सुपर कॉरिडॉरवर मोकळा रस्ता असला तरी २.२५ च्या टायरवर एवढा वेग टिकवणं अवघड आहे. तुमचा ४२-१२ आत्ता ८ मीटर देतो, ८० फेऱ्यांना साडेअडतीस किलोमीटर. तो घाट उतरताना सोडून कुठे कामाला येत नाही, आणि घाट उतरताना पेडल मारायचीच कशाला.


वंगणवाला

महूकरांच्या हिशेबाला मान. पण पैसे खर्च करण्याआधी पुढचा डिरेलर एकदा नीट बसवून बघा, कारण चेन आत पडते ती लिमिट स्क्रूमुळे (डिरेलर किती सरकेल ते ठरवणारा स्क्रू), तीन चेनरिंगांमुळे नव्हे.

पुढे लहान, मागे सगळ्यात मोठं चक्र लावा. डिरेलरच्या पिंजऱ्याची (चेन ज्यांच्यामधून जाते त्या दोन पट्ट्यांतली) आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट राहील इतका एल स्क्रू, म्हणजे आतल्या बाजूचा लिमिट स्क्रू, आत घ्या. चेन घासता कामा नये, पण पलीकडे उडी मारायलाही जागा नको. त्याआधी पिंजऱ्याची उंची पाहा. बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांवर १ ते ३ मिमी असावी, आणि वरून पाहिल्यावर चेनरिंगला समांतर. ही दोन्ही चुकलेली असली तर स्क्रू कितीही फिरवा, काही होत नाही. चढावर अजून एक सवय हवी: चढ सुरू होण्याआधी, पाय हलके असताना लहान चेनरिंगवर या. ताणाखालची चेन बाजूला सरकत नाही, आणि सरकली की धाडकन आत पडते.

काळ्या मातीचं दुखणं मात्र खरं आहे. केबल बीबीच्या (क्रँकचा एक्सल फिरतो त्या बेअरिंगच्या) खालून येत असेल तर तिथल्या प्लास्टिकच्या खाचेत माती घट्ट बसते, वाळते आणि केबल अडवते. शिवाय २२ दाती चेनरिंगचे दाते झिजून आकड्यासारखे वाकले असतील तर चिखलात चेन खालून सुटत नाही. ती दात्यांबरोबर वर ओढली जाते आणि चेनरिंग व चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) मध्ये फसते. तिथे फ्रेमला ओरखडे आहेत का ते बघा. असतील तर डिरेलर कितीही जुळवला तरी उपयोग नाही, चेनरिंगच गेलेली आहे.

चेनरिंग चांगली असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागे फक्त ११-३४ ची ८-स्पीड कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आणि नवी चेन. २२-३४ म्हणजे फेऱ्याला १.४९ मीटर, महूकरांच्या आकड्याला लागूनच. एम३१० डिरेलरची मोठ्या चक्राची मर्यादा ३४ दात्यांची, आणि एकूण क्षमता ४३. तुमची गरज बघा: पुढे ४२ वजा २२, वीस. मागे ३४ वजा ११, तेवीस. बरोबर ४३, मावतं. याच डिरेलरला हँगर एक्स्टेंडर लावून ११-४० किंवा ११-४२ बसवतात ते करू नका. तो तुकडा डिरेलर खाली नेतो. मोठ्या चक्रावर चेन चढते, पण लहान चक्रांवर वरची पुली कॅसेटपासून लांब राहते आणि रोजच्या वापराचे सगळे गिअर ढिसाळ पडू लागतात.

११-३४ मध्ये उणीव एकच. शेवटच्या दोन चक्रांमधली उडी मोठी आहे. चढावर एकदम पाय हलके पडतात, मग पुन्हा लय धरावी लागते.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी तपासून इथे लिहा. पहिली, मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा जुन्या पद्धतीचा चक्रसंच). चाक काढा, चक्रं उलटी फिरवा. मध्यभागी हत्यार बसायची दातेरी खोबण चक्रांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. कॅसेटच्या लॉकरिंगवर बहुधा ४० एनएम (न्यूटन-मीटर, आवळण्याचा जोर) असं कोरलेलं असतं. फ्रीव्हील निघालं तर वरचं सगळं विसरा. त्या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रेमपासून बरंच आत असतं, एक्सल उघडा पडतो आणि खड्ड्यांत वाकतो किंवा तुटतो. मग पैसे चाकावर घाला, गिअर नंतर. दुसरी, क्रँकच्या मागून बघा: चेनरिंग बोल्टने लावल्या आहेत की रिव्हेट मारून.


पाताळपाणी

चिखलात चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलते. वंगणवालांनी सांगितलेली जुळवाजुळव बरोबर आहे, तरी जुलै ते सप्टेंबर तिंछा, चोरलच्या शेतवाटांवर पुढचा डिरेलर नसणं हाच मोठा फायदा आहे. माळव्याची काळी माती वाळूसारखी झडून पडत नाही, चिकटते. ती पिंजऱ्यात बसली की दोन्ही बाजूंनी चेन घासते. पुढे एकच चेनरिंग असली की माती अडायच्या जागा कमी होतात आणि डाव्या हातालाही एकच काम राहतं, ब्रेक. खाली दगड असलेल्या वाटेवर हे फार उपयोगी पडतं.

पण एक चेनरिंग करायची तर तिच्या अटी पाळून करा. चेनरिंगचे दाते एक जाड, एक बारीक असे आलटून-पालटून असावेत, नॅरो-वाइड म्हणतात ती. आणि मागचा डिरेलर क्लचवाला, म्हणजे चेन सैल पडू न देणारा. साधी चेनरिंग आणि क्लच नसलेला डिरेलर लावला तर पहिल्याच खडबडीत उतारावर चेन बाहेर. तीन चेनरिंगांत निदान पुढचा डिरेलर चेनला अडवतो, इथे अडवणारं कुणी नसतं.

पर्याय म्हणाल तर तुमचं हब साध्या एचजी खाचांचं (शिमानोची नेहमीची पद्धत) असणार, म्हणून शिमानोची १२-स्पीड १०-५१ कॅसेट बसणार नाही, तिला मायक्रो स्प्लाइनचा, वेगळ्या खाचांचा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) लागतो. शिमानोचीच डिओर एम५१००, ११-स्पीड, ११-५१ मात्र जुन्या ८-स्पीडच्या फ्रीहबवर सरळ बसते. तिची चक्रं ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३३-३९-४५-५१. चढावरच्या उड्या सारख्या आहेत, ४५ वरून ५१ वर जाताना तेरा टक्केच. १०-स्पीडची डिओर ११-४६ थोडी स्वस्त पडेल, पण तिची शेवटची उडी ३७ वरून ४६, जवळपास पंचवीस टक्के. घाटात ३७ जड वाटतो, ४६ फार हलका, आणि मधलं काही नसतं. लांबच लांब चढावर हे फार जाणवतं.

मायक्रोशिफ्टची अॅडव्हेंट ९-स्पीड ११-४६, अॅडव्हेंट एक्स १०-स्पीड ११-४८, दोन्ही एचजी फ्रीहबवर बसतात आणि क्लचसह मिळतात. पण त्यांचे शिफ्टर त्यांच्याच डिरेलरसोबत चालतात. केबल किती ओढली की डिरेलर किती सरकतो हे गुणोत्तर शिमानोहून वेगळं आहे. तीच गोष्ट २०२३ पासून आलेल्या शिमानो क्यूसची. क्यूसची लिंकग्लाइड कॅसेट जाड दात्यांची, टिकाऊ, रोजच्या शहरी वापराला चांगली, आणि बसते एचजी फ्रीहबवरच. पण तिचा शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट तिन्ही क्यूसचेच हवेत, जुन्या डिओरमध्ये मिसळता येत नाहीत. शिवाय क्यूसचे सगळे डिरेलर क्लचवाले नाहीत, विचारून घ्या.


रामबाग_२९

सर्वांचे आभार. तपासलं. मधली खोबण चक्रांबरोबर फिरते, म्हणजे कॅसेट. लॉकरिंगवर ४० एनएम लिहिलेलं आहे. चेनरिंग रिव्हेटच्या आहेत. चेनस्टेवर आतल्या बाजूला ओरखडे आहेत, बऱ्यापैकी खोल, आणि २२ चे दाते एका बाजूला झुकलेले दिसतात.

म्हणजे क्रँक बदलावाच लागणार असं दिसतंय. मग एकच चेनरिंग आणि ११-५१ कडे कल आहे. दोन प्रश्न. पुढे ३० की ३२? आणि खर्च टप्प्याटप्प्याने करता येईल का, या महिन्यात मागचं, पुढच्या महिन्यात क्रँक?


महूकर

३२ घ्या. ३०-५१ ला १.३५ मीटर येतो. तुमच्या वजनाला आणि घाटाला त्याची गरज नाही. सायकलवर सामान लादून दोन-चार दिवसांच्या सफरी करायच्या असत्या तर ३० म्हटलं असतं, कारण वीस किलो वाढले की लागणारा आकडा १.४२ वरून १.१५ च्या आसपास उतरतो.

३२ मागचं दुसरं कारण शहर. सिग्नल आणि गर्दीत तुमचा वेग २० ते २४ असणार. ३२ वर तो मागच्या १५ आणि १८ वर बसतो: ८० फेऱ्यांना साडेतेवीस आणि साडेएकोणीस किलोमीटर. ३० घेतलं तर तोच वेग १३ आणि १५ कडे सरकतो. लहान चक्रावर चेन जास्त वाकते, कमी दात्यांवर भार येतो, आणि आठवड्यातले पाच दिवस तीच दोन चक्रं झिजतात. ११-१३-१५ झिजली की पूर्ण कॅसेट टाकायची वेळ येते, मागची मोठी चक्रं नवीकोरी असली तरी.


वंगणवाला

२२ चे दाते झुकलेत आणि ओरखडे आहेत म्हटल्यावर माझा ११-३४ चा सल्ला मागे. रिव्हेटवाल्या क्रँकमध्ये एक चेनरिंग बदलता येत नाही.

टप्प्याटप्प्याने करू नका. ११-स्पीडची चेन ८-स्पीडच्या चेनपेक्षा बाहेरून जवळपास दीड मिलिमीटर अरुंद असते. जुन्या तीन चेनरिंगांमधल्या फटी ८-स्पीडच्या जाड चेनसाठी केलेल्या आहेत, त्यात ही चेन मध्येच घसरून अडकते. उलट क्रमाने आधी क्रँक घेतला तर ३२-३२ वर चढ चढायला लागेल, २.३ मीटर. शिफ्टर, मागचा डिरेलर, कॅसेट, चेन, क्रँक, एकदमच. तोपर्यंत आहे ते चालवा, फक्त चिखलात २२ वर जाऊ नका.

क्रँक निवडताना नजर चेनलाइनवर ठेवा. चेनलाइन म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगच्या दात्यांपर्यंतचं अंतर. हल्लीचे बरेच एक चेनरिंगचे क्रँक ५२ मिमीचे येतात, ते १४८ मिमीच्या बूस्ट हबसाठी. तुमचं हब १३५ चं. ५२ लावलं तर लहान चक्रांवर छान चालेल, पण ५१ वर चेन इतकी तिरकी जाईल की पेडल जरा उलटं फिरवलं तरी चेन ५१ वरून ४५ वर उतरेल. चढावर पेडल सरळ करायला आपण उलटं फिरवतोच, तिथेच नेमका घोळ. तुम्हाला ४९-५० मिमी हवी.

ती सोप्या रीतीने मिळते. चार बोल्टचा, १०४ मिमी बीसीडीचा (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), तीन चेनरिंगांसाठी बनलेला बोल्टवाला क्रँक घ्या. त्याच्या मधल्या चेनरिंगची चेनलाइन शिमानोच्या एमटीबी क्रँकवर ५० मिमी असते. बाहेरची आणि आतली चेनरिंग काढून टाका, मधल्या जागी ३२ दाती नॅरो-वाइड लावा. बोल्ट एका चेनरिंगचे आखूड घ्या, तीन चेनरिंगवाले लांब बोल्ट पूर्ण आवळले तरी चेनरिंग ढिली राहते आणि काही दिवसांत करकर सुरू होते. १०४ बीसीडीवर साधारणपणे ३२ हीच सर्वांत लहान चेनरिंग बसते, तेव्हा ३० चा प्रश्न तसाही निकालात निघाला.

चौकोनी एक्सल ठेवणार असाल तर बीबीच्या एक्सलची लांबी क्रँकच्या कागदाप्रमाणे घ्या, जुनी आहे तीच बसेल असं धरू नका. शेलची (फ्रेमच्या ज्या नळीत बीबी बसते तिची) रुंदी ६८ मिमी आहे की ७३ तेही मोजा. बीबी काढताना उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. इथे जोर लावून आटे खराब केलेल्या फ्रेमी दुकानात नेहमी येतात. क्रँक काढायला पुलर लागतो. पुलर आधी क्रँकच्या आट्यात पूर्ण आत घ्या, मगच मधला दांडा फिरवा. दोन-तीन आट्यांवर धरून जोर लावला तर क्रँकचे आटे निघून येतात. बसवताना क्रँकचा बोल्ट ३५ ते ५० एनएम.


पाताळपाणी

महूकरांचं ३२ मला पटलं. उभ्या छोट्या चढांना, समजा पंधरा टक्क्यांच्या, पाच-सात मिनिटं दोनशे वॉट काढावे लागतील आणि तिथे १.४४ वर ५५ फेरे मिळतात. चालतं तेवढं.

एक सुचवणी. पुढचा डिरेलर काढल्यावर डावा शिफ्टरही काढा. नुसती केबल काढून शिफ्टर हँडलवर ठेवतात, मग चिखलात बोट सवयीने तिथेच जातं. ब्रेक आणि शिफ्टर एकाच तुकड्यात जोडलेले असतील तर मात्र ब्रेक लिव्हर वेगळा घ्यावा लागेल. स्वस्त हार्डटेलवर, खास करून केबलच्या ब्रेकवर, असे जोडशिफ्टर बरेच असतात. ते आधी बघून घ्या, नाहीतर सगळे भाग आल्यावर काम अडून बसेल. उजवीकडचाही तसाच असेल तर दोन्ही ब्रेक लिव्हर लागतील.


रामबाग_२९

ब्रेक हायड्रॉलिक आहेत, शिफ्टर वेगळे. सुटलो. बसवताना कुठे चुकतं तेवढं सांगा, काम घरीच करायचं आहे.


वंगणवाला

सगळ्यात आधी हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा. ५१ दात्यांवर हँगर दोन-तीन मिलिमीटर वाकला असला तरी गिअर कधीच बसत नाहीत, आणि लोक केबल ताणत राहतात. हँगर गेज लावून चाकाच्या रिमपासून वर, खाली, पुढे, मागे अंतर बघा. फरक चार मिलिमीटरच्या आत हवा. गेज नसेल तर दुकानात एवढंच काम करून घ्या. आणि तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर घेऊन ठेवा. त्याचा आकार फ्रेमगणिक वेगळा असतो, ऐन वेळी इंदुरात मिळेलच असं नाही.

नव्या केबलसोबत नवा आउटर (केबलवरची नळी), ४ मिमीचा गिअरचा. ब्रेकचा ५ मिमी आउटर गिअरला लावायचा नाही, तो दाबाखाली आखडतो आणि अकरा गिअर कधीच जुळत नाहीत. आउटर कापल्यावर टोक सपाट घासा, आतली नळी टाचणीने मोकळी करा, टोपी लावा. पावसाळ्यात मागच्या शेवटच्या वळणातच पाणी आणि माती शिरते, म्हणून ते वळण जरा मोठं ठेवा.

कॅसेट बसवताना फ्रीहबच्या खाचा पुसून हलकं ग्रीस लावा. एक खाच अरुंद असते, तिच्यावर चक्राची तीच खूण जुळवा. लॉकरिंग ४० एनएम, हाताने आवळलेलं पुरत नाही.

चेनची लांबी. डिरेलरमधून न नेता चेन ३२ आणि ५१ वर गुंडाळा, जिथे जुळते तिथून दोन कड्या जास्त, एक आतली आणि एक बाहेरची. मग डिरेलरच्या कागदात काय दिलंय तेही पाहा, काही डिरेलरना याहून जास्त कड्या लागतात. तुमच्या २९ इंची फ्रेमवर साधारण ४४० मिमीच्या चेनस्टेला ११६ कड्यांची चेन जेमतेम पुरते. १२६ ची मिळाली तर तीच घ्या, कापता येते, जोडावी लागत नाही. आखूड राहिली तर ५१ वर डिरेलर ताणून हँगरसकट तुटतो, आणि ते उभ्या चढावर भर जोरात असतानाच होतं.

क्लच बंद करून लिमिट स्क्रू लावा. आधी ११ वर एच, मग ५१ वर एल. मग बी स्क्रू: चेन ५१ वर ठेवून वरची पुली आणि चक्राचे दाते यांच्यात पाच-सहा मिलिमीटर फट. डिरेलरच्या मागे खूण दिलेली असेल तर मिलिमीटर सोडून खुणेवर जुळवा.  फट कमी असली तर ५१ वर खडखड, जास्त असली तर लहान चक्रांवर गिअर उशिरा पडतात. केबलचा ताण सगळ्यात शेवटी, दुसऱ्या-तिसऱ्या चक्रावर जुळवा. चाचणी झाल्यावर क्लच चालू करायला विसरू नका.

पुढे चेनवर लक्ष ठेवा. चोवीस कड्यांची लांबी नव्या चेनला ३०४.८ मिमी असते. त्यात दीड मिलिमीटर वाढ झाली की अर्धा टक्का, तिथेच ११-स्पीडची चेन बदला. थांबलात तर कॅसेटही जाते, आणि ११-५१ ची कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग. चोरलहून आल्यावर चेनवर जोरदार पाइप मारू नका, माती कड्यांच्या आत जाते. बादलीभर पाणी, ब्रश, नीट वाळवणं, मग प्रत्येक कडीला एक थेंब तेल, आणि वरचं पुसून टाकायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ एवढी की वर राहिलेलं तेल दोन दिवसांत काळी पेस्ट होतं.


महूकर

वंगणवालांच्या यादीत एक जोडतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या शहरातच मारा, सगळे अकरा गिअर वापरून. नवी केबल आणि आउटर बसले की ताण थोडा उतरतो, मधले गिअर अडखळायला लागतात. शिफ्टर किंवा डिरेलरवरचा बॅरल (केबलचा ताण जुळवायची फिरकी) अर्धा-पाऊण फेरा बाहेर फिरवला की झालं. चेनरिंगचे चार बोल्ट आणि क्रँकचे बोल्ट तेव्हाच पुन्हा आवळा. चौकोनी एक्सलवर क्रँक ढिला असताना घाट चढलात तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, आणि मग नवाच घ्यावा लागतो. भेरूघाट त्यानंतर.